जिज्जीची राहिलेली डुबकी

आधी जिज्जीचं सांगते, मग काय झालं ते.

जबलपुरात चेरीतालच्या गल्लीत आमच्या खोलीला लागून तिची खोली होती. मधे विटांची भिंत, आणि भिंतीत वरच्या अंगाला एक कोनाडा आरपार फुटलेला. त्या भोकातून तिची वाटी माझ्याकडे यायची, माझी तिच्याकडे जायची. तिचा नवरा रेल्वेत होता, मुलं मोठी झाली होती. जबलपुरात मोठ्या बहिणीला जिज्जी म्हणतात. ती अख्ख्या गल्लीची जिज्जी होती, तिच्याहून म्हाताऱ्या बायकासुद्धा तिला जिज्जीच म्हणायच्या. अंगानं थोराड, आवाज खणखणीत, आणि चेहरा देवीच्या व्रणांनी भरलेला, अगदी नाकाच्या शेंड्यापर्यंत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नजर वळवली होती. नंतर तोच चेहरा दिसला नाही तर मला दिवस उजाडल्यासारखा वाटायचा नाही. माझी पोर आज धडधाकट आहे, यात माझ्याइतकाच, किंबहुना जास्तच, जिज्जीचा हात आहे. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते.

मी वर्धेकडची. शाळा चौथीत सुटली. धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी कुणी नव्हतं, म्हणून एक दिवस गेले नाही, दुसऱ्या दिवशी गेले नाही, आणि मग काहून येत नाहीस असं कुणी विचारलंच नाही. वाचता येत होतं, पण अर्धंच कळायचं, आणि जे अर्धं कळायचं नाही त्याची भीती वाटायची. लग्न झाल्यावर हे मला जबलपूरला घेऊन आले. हे फौजेचा माल बनवणाऱ्या फॅक्टरीत टर्नर. मला हिंदी येत नव्हती, शहरातल्या वाटा माहीत नव्हत्या. आई, सासूबाई दोघी रेल्वेच्या एका अख्ख्या दिवसाच्या अंतरावर. आणि मांडीवर काही महिन्यांची मुलगी.

एकाहत्तरच्या लढाईचं वर्ष होतं ते. लढाई अजून लागली नव्हती, पण लागणार हे फॅक्टरीच्या भोंग्यालाही ठाऊक असावं, इतका तो वेळी-अवेळी वाजायचा. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवायचा हुकूम झाला होता. ओव्हरटाइम तर असा की हे काळोखात सायकल काढायचे आणि काळोखातच परत यायचे. पोरीला बाप आहे हे पोरीलाच माहीत नाही, असं मी म्हणायची. हे हसायचे. पण रविवारी दिवसाउजेडी त्यांना पाहून ती भोकाड पसरायची, तेव्हा हसणं बंद व्हायचं.

मला कशाची भीती वाटत नव्हती ते सांगणंच सोपं. पोर शिंकली की भीती, नाही शिंकली तर काहून शिंकून नाही राहिली म्हणून भीती. जिज्जी भिंतीच्या भोकातून म्हणायची, तुझ्या पोरीच्या श्वासावर तुझा पहारा आहे, मग फौजेत काय कमी होतं, तिकडेच भरती व्हायचं.

अशात एक दिवस गल्लीत टीकेवाले आले. आपण लस टोचणं, देवी काढणं म्हणतो ते तिथलं टीका लावणं, आणि देवीला तिथे माता म्हणतात. एक पुरुष, एक बाई, हातात डबा. घरोघरी जाऊन पोरांच्या दंडावर देवीची टीका लावून राहिले होते. गल्लीच्या तोंडाशी पोरांची रडारड ऐकू आली आणि मी पोरीला उचलून छातीशी धरलं.

त्याचं कारण होतं. लहानपणी आमच्या गावात धाकट्या भावाला देवी काढल्या, तेव्हा त्याचा दंड सुजून मांडीएवढा झाला होता. आठवडाभर तो कण्हत होता आणि त्याला घेऊन मी ओसरीवर फेऱ्या घालत होते. त्या टोचलेल्या जागी घरातल्याच कुणीतरी राख लावली होती, त्यावर शेण थापलं होतं, हे सगळे विसरले. नाव झालं ते टोचणाऱ्याचं. भाऊ वाचला, पण माझ्या डोक्यात एवढंच बसलं होतं की सुई आली की पोर जातं.

मी दाराला आतून कडी घातली आणि पोरीला घेऊन खाटेच्या मागे बसले. काळ्या कागदांचा तेव्हा मोठा उपयोग झाला. बाहेरून बघणाऱ्याला आत माणूस आहे की माठ, काही दिसायचं नाही. सरकारनं कागद शत्रूसाठी लावायला सांगितले होते, मी ते सरकारच्याच माणसांसाठी वापरले. पोर रडू नये म्हणून तिच्या हातात खुळखुळा दिला. दारावर थाप पडली. पुन्हा पडली. पोरीला वाटलं हा खेळ आहे, थाप पडली की ती खुळखुळा वाजवायची. मी तिची मूठ धरून ठेवली. बाहेर बाई म्हणाली, घर बंद आहे, आणि पावलं पुढे गेली. मी देवाला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिज्जी उकडलेल्या शिंगाड्यांची परात घेऊन आली. शिंगाड्यांचे दिवस होते ते. खाली फतकल मारून बसली, एक शिंगाडा सोलून माझ्या हातावर ठेवला, आणि सहज विचारल्यासारखं म्हणाली, "काए दुलहिन, कल तुम घर पे नहीं थीं न? तो झुनझुना कौन बजा रहा था, चूहा?"

मी पोरीला मांडीवर घेतलं. माझ्या तोडक्यामोडक्या हिंदीत भावाच्या दंडाचं सांगितलं. ती ऐकत होती, शिंगाडे सोलत होती. मग तिनं तिची गोष्ट सांगितली.

दमोहकडच्या तिच्या गावी टीकेवाला आला, तेव्हा ती आणि तिचा भाऊ दोघंही लहान. बापानं दोघांना गहू साठवायच्या मातीच्या कोठीत उतरवलं आणि वरून झाकण ठेवलं. शिंकायचं नाही, अशी ताकीद. आत गव्हाची धूळ, भावाला शिंक येऊन राहिली, तर हिनं त्याचं नाक धरलं, त्यानं हिचं धरलं, आणि दोघांना हसू आवरेना. टीकेवाला रिकामा गेला. बापानं दोघांना बाहेर काढून गूळ दिला, पोरं हुशार आहेत म्हणून सगळ्या आळीत सांगितलं. जिज्जीनं नाक धरल्याची नक्कल अशी केली की माझी पोरसुद्धा खिदळली.

"मग चैतात माता आली," जिज्जी म्हणाली, आणि तिचा सोलणारा हात थांबला. भाऊ वाचला नाही. ती वाचली, हा चेहरा घेऊन.

मी खाली बघत राहिले. तिनं माझी हनुवटी धरून वर केली.

"बाप ने हमें लाड़ में छुपाया था, दुलहिन. लाड़ ही में. इसलिए आज तक उसे बुरा नहीं कह पाई." मग म्हणाली, "तुम भी लाड़ में ही छुपा रही हो. बस, एक बार मेरा मुँह ठीक से देख लो, फिर जो जी में आए करो."

मी पाहिलं. गल्लीत आल्यापासून पहिल्यांदाच नीट पाहिलं. आणि माझ्या मांडीवरची पोर त्याच वेळी हात पुढे करून त्या खडबडीत गालावर बोटं फिरवून राहिली होती, जशी ती माझ्या बांगड्यांवरून फिरवायची. मला देवीची भीती लहानपणापासून नुसती ऐकून माहीत होती. सुईची मात्र डोळ्यांनी पाहिलेली. त्या दुपारी देवीसुद्धा डोळ्यांनी पाहिली.

मी विचारलं, ताप आला तर? जिज्जी म्हणाली, येईलच. दोन दिवस किरकिर करेल, दंड दुखेल. आपण दोघी आहोत ना आळीपाळीनं कडेवर घ्यायला.

पण टीकेवाले तर पुढच्या मोहल्ल्यात निघून गेले होते. आता दवाखान्यात जायचं, आणि तिथे आठवड्यातला एकच वार ठरलेला. तो वार नेमका ग्यारशीचा निघाला. जबलपुरात दिवाळीनंतरच्या त्या एकादशीला बायका नर्मदेवर जातात. गल्लीतल्या बायकांनी ग्वारीघाटला जायला टांगा ठरवला होता आणि त्यात जिज्जीची जागा पुढची. सालभर ती त्या डुबकीची वाट बघायची. मी एकटी जाईन, असं मी तिला सांगून ठेवलं होतं.

त्या सकाळी पोरीला टोपडं घालून, दुपट्यात गुंडाळून मी दारात उभी राहिले, आणि तिथेच थिजले. रस्ता कुठून वळतो, दवाखान्यात काय म्हणायचं, पोर निळी पडली तर कुणाला हाक मारायची. पाय उंबऱ्याबाहेर पडेना. टांगा निघाला होता. जिज्जीच्या मांडीवर कोरडं लुगडं, हातात लोटा. तिनं मागे वळून मला पाहिलं आणि टांगेवाल्याला थांबायला सांगितलं. बायका ओरडल्या, सालभराचं पुण्य सोडून कुठे चाललीस. जिज्जी उतरतच म्हणाली, "नर्मदा मैया कहीं भागी नहीं जा रही. ये दुलहिन भाग जाएगी."

आणि मला म्हणाली, ही डुबकी तुझ्या नावावर लिहून ठेवते हं.

आम्ही रिक्षा केली. वाटेत फौजेच्या ट्रकांची रांग लागली, रस्ता अडला. ट्रकांत बसलेले जवान आमच्या पोरीकडे बघून हसत होते, एकानं तर तिला सलाम ठोकला. जिज्जीनं पोरीचा हात धरून उलट सलाम करवला आणि सांगितलं, ही पण आघाडीवरच चालली आहे.

दवाखान्यात आमचा नंबर आला. टीका लावणारी दीदी तरुण होती. तिनं दंड पुसला, बारकी दोन टोकांची सुई डब्यातल्या औषधात बुडवली आणि टचटच टोचून मोकळी झाली. पोर जिवाच्या आकांतानं रडली आणि लगेच जिज्जीच्या लोट्याकडे बघून गप्प झाली. मी मात्र रडतच होते. दीदीनं विचारलं, आईला काय झालं? जिज्जी म्हणाली, "इसको भी लगा दो, बराबर की रोई है." दीदीनं खरंच माझी बाही वर करून पाहिली, लहानपणीचा वण होता पण जुना, म्हणाली पुन्हा लावलेली बरी. असं आम्ही मायलेकींनी एकाच दिवशी टोचून घेतलं. निघताना दीदीनं बजावलं की ह्या जागेवर काही लावायचं नाही. फोड येईल, पिकेल, खपली धरेल, आपोआप पडेल. मी विचारलं, राख? नाही. हळद? नाही. थोडंसं तेल? "कुछ नहीं मतलब कुछ नहीं," ती म्हणाली.

ग्यारस झाली की लग्नं सुरू होतात. जिज्जीला भाच्याच्या लग्नाला जायचं होतं. दोन दिवस पोरीजवळ बसून, तापाचं काही नाही याची खात्री करून ती गेली. आणि ती गेल्यावर पोरीचा फोड भरला. मोत्यासारखा टपोरा. अंग किंचित तापलं.

आता माझं डोकं कसं चाललं ते सांगते. दीदीनं सांगितलं होतं की दंडाला काही लावायचं नाही. मी बोटसुद्धा लावलं नाही. पण आमच्याकडे टोचलेली देवी अशी फुलली की घरात देवीच आली असं मानतात आणि तिचा मान ठेवतात. दारावर कडुनिंबाचा डहाळा बांधायचा, फोडणी द्यायची नाही, तळण नाही, केस विंचरायचे नाहीत, चपला लांब काढायच्या. माझ्या भावाच्या वेळी आईनं सगळं केलं होतं. दीदीनं दंडाचं सांगितलं होतं, दाराचं काही सांगितलं नव्हतं. मी कडुनिंबाचा चांगला भरघोस डहाळा आणला आणि दारावर बांधला.

ह्यांना काही कळलं नाही. ते काळोखात जायचे, काळोखात यायचे, आणि दिवे झाकलेले. दारावर कडुनिंब आहे की आंब्याचं तोरण, त्यांना कुठून दिसणार. बिनफोडणीचं वरण त्यांनी मुकाट्यानं खाल्लं. कँटीनचं खाऊन त्यांची जीभ तशीही मेलेली होती.

पण गल्लीला दिवसा दिसत होतं. आणि त्या गल्लीत दारावर कडुनिंब म्हणजे एकच अर्थ: ह्या घरात माता निघाली आहे, खरीखुरी. मला ते माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की दूधवाला भैया माप लांबूनच ओततो आहे, निम्मं दूध भांड्याबाहेर. नळावर मी गेले की बायका आपापल्या बादल्या उचलून मागे होतात. मला वाटलं, माझ्या न विंचरलेल्या केसांना भ्यायल्या.

मग एका दुपारी सायकलची घंटी वाजली आणि हे दारात. भर दुपारी. मला वाटलं लढाई लागली आणि फॅक्टरी उडाली.

"काहून वो," हे दारावर बघत म्हणाले, "आपल्या घरी देवी आल्या न् मलेच माहीत नाही?"

"आल्या कुठे? काढल्या ना आपण."

"मंग हे काय बांधून ठेवलं?"

"मान ठेवायचा असतो."

ते उंबऱ्यावरच बसले. गल्लीतल्याच कुणी त्यांच्या फोरमनला सांगितलं होतं की ह्याच्या घरात माता आहे. फोरमननं लेथ बंद करून यांना फॅक्टरीच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरांनी यांचं अंग तपासलं, विचारपूस केली, घरी टीकाच लावली आहे असं यांनी शपथेवर सांगितलं, तेव्हा म्हणाले, आज घरी जाऊन डोळ्यांनी बघून या, उद्या कामावर या. सगळी फॅक्टरी धडधडत असताना एकटे हेच बाहेर निघाले होते. गेटवरच्या शिपायानंसुद्धा लांबून पास बघितला म्हणे.

मला रडू फुटणार होतं. पण ह्यांनी पोरीला उचललं, उजेडात नेलं, तिचा दंड पाहिला. पोरीनं त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. मी म्हटलं, आता भोकाड पसरते. तर तिनं हात घालून त्यांची मिशी ओढली. ती दुपार आणि संध्याकाळ ती त्यांना सोडायला तयार नव्हती. त्या दिवशी तिला बाप आहे हे कळलं, ते त्या कडुनिंबाच्या पुण्याईनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे कामावर गेले आणि लग्नाचे लाडू घेऊन जिज्जी परतली. गल्लीच्या तोंडाशीच बायकांनी तिला अडवलं, तिकडे जाऊ नको म्हणून. ती तडक माझ्या घरात शिरली, पोरीचा दंड पाहिला, अंग चाचपलं, मग दारावरचा डहाळा पाहिला. माझं दाराचं आणि दंडाचं तर्कट ऐकलं. आणि उंबऱ्यावर बसून हसली, पदर तोंडात घालून हसली, तरी आवाज कोपऱ्यापर्यंत गेला.

मी ओशाळून डहाळा काढायला हात वर केला. तिनं माझा हात धरला.

"रहने दो," डोळे पुसत म्हणाली, "कल तक टंगा रहने दो."

मग ती घरोघर गेली. खरं तेच तिनं सांगितलं: मराठी लोकांत असा मान ठेवतात, पोरगी ठणठणीत आहे, टीका छान लागली आहे. पण पुढे एवढं जोडलं की आज हा कडुनिंब रीतीचा आहे, चैतात खराही बांधावा लागू शकतो, आणि टीकेवाल्यांना पाहून ह्या गल्लीत एकटी दुलहिनच लपली होती असं नाही. कोण पोराला घेऊन कुठल्या कोठीत बसलं होतं, तिला भिंतीपलीकडून सगळं ऐकू येतं. बायकांना तिचं म्हणणं कानांनी पटलं तरी डोळ्यांसमोर तो डहाळा हलत होता. एका सासूनं जाहीर केलं की आमच्या घराण्यात टीका चालत नाही; जिज्जी तिच्यासमोर नुसती उभी राहिली, आपला चेहरा घेऊन. सासू आत गेली आणि नातवाला टोपडं घालून बाहेर आली.

दवाखान्याच्या पुढच्या वाराला आमच्या गल्लीची वरात निघाली. पुढे जिज्जी, मागे कडेवरची पोरं, आणि मी सगळ्यांना सांगत होते, काही लावायचं नाही, राख नाही, शेण नाही, हळद नाही, कुछ नहीं मतलब कुछ नहीं. माझं पहिलं पूर्ण हिंदी वाक्य ते.

नंतर लढाई लागली, आणि संपली. काचांवरचे कागद खरवडून काढले, खोलीत ऊन आलं. चैतात चेरीतालच्या तलावापलीकडच्या वस्तीत माता आली. मी दिवसातून कितीदा तरी पोरीचं अंग चाचपायची. आमच्या गल्लीत एकाही दारावर खरा कडुनिंब बांधावा लागला नाही.

आता ती पोर स्वतः आई झाली आहे. तिच्या दंडावर तो गोल वण अजून आहे. परवा फोनवर म्हणत होती, बाळाला ट्रिपलचं इंजेक्शन दिलं तेव्हा ताप आला, रात्रभर रडलं, आता पुढचं द्यावं की थोडं थांबावं. मी तिच्यावर रागावले नाही. मीच खुळखुळ्याची मूठ धरून बसलेली बाई, मी काय रागावणार. घटसर्प, डांग्या खोकला ही तिच्यासाठी नुसती नावं आहेत, आणि सुई तिच्या डोळ्यांसमोर आहे. जे दिसतं त्याचीच आई-बापाला भीती वाटते. जिज्जीसारखे चेहरे आता गल्लीत दिसत नाहीत, देवी जगातूनच गेली म्हणतात. चांगलंच झालं, पण मग मुलीला दाखवायचं कुणाला. म्हणून तिला ही सगळी गोष्ट सांगितली. ताप उतरतो, म्हटलं. डॉक्टरांना विचार, पण वार चुकवू नको, आणि लाडात लपवू नको. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, आई, जिज्जीला डुबकी दिलीस का तू?

नाही दिली अजून. दर ग्यारशीला म्हणायचं आणि काहीतरी आडवं यायचं. मग रेल्वेच्या बदलीत जिज्जी कटनीला गेली, तिथेच मुलाजवळ राहिली. आता तिचे गुडघे चालत नाहीत. तिच्या मुलाच्या फोनवर बोलते तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं, "काए दुलहिन, मेरी डुबकी?"

तर जिज्जी, हे मी लिहूनच ठेवते. मी तुला आणीन. गुडघे चालत नसतील तर ग्वारीघाटाच्या पायऱ्यांवरून आम्ही तुला उचलून नेऊ. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं ती, जिला त्या दिवशी तू टांग्यातून उतरून उचललंस. तिच्या बाळाची पुढची सुई झाली की येते आहे ती. तुझं कोरडं लुगडं धरून मी काठावर उभी राहीन, आणि माझ्या नावावरची ती डुबकी त्या दिवशी फेडीन.